अर्धा तोळा म्हणजे नेमका किती? साखरपुड्याची अंगठी पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

आमच्याकडं अंगठी दुकानात ठरत नाही, बैठकीत ठरते. पसंती झाली, सुपारी फुटली, की चहाच्या कपबशा उचलायच्या आत कुणीतरी वडीलधारं माणूस म्हणतं, "पोरीला अर्ध्या तोळ्याची करू, पोराचं तुम्ही बघा." सगळे माना डोलावतात. ज्याला दुकानात पैसे मोजायचेत तो पोरगा कोपऱ्यात गप्प, आणि जिच्या बोटात अंगठी जायची ती आतल्या खोलीत.

घरातल्या चार अंगठ्यांच्या खरेदीला मी सराफाच्या काचेपुढं बसलेय. त्यातली एक माझी स्वतःची. पहिल्या दोन वेळा चुकले, म्हणून हे लिहितेय. लातूरची गंजगोलाई असो, संभाजीनगरचा सराफा असो की नांदेडचा, रीत सगळीकडं सारखीच आहे.

आधी रुपये ठरवा, मग ग्रॅम

बैठकीतला "अर्धा तोळा" ही पहिली फसगत, आणि ती कुणी मुद्दाम करत नाही. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आजीच्या हिशेबात ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा. आज दुकानात तोळा म्हटलं की १० ग्रॅम. म्हणजे आजोबांच्या मनातला अर्धा तोळा ५.८३ ग्रॅमचा आणि सराफाच्या काट्यावरचा ५ ग्रॅमचा. मधले आठशे तीस मिली (सराफ मिलिग्रॅमला मिलीच म्हणतात) हजारोंच्या घरात जातात, आणि पाव्हण्यांनी घरी नेऊन वजन केलं की "शब्दाला जागले नाहीत" असं होऊन बसतं. म्हणून याद्या लिहिताना तोळा नको, ग्रॅम लिहा.

त्याहून बरं म्हणजे रुपयांची मर्यादा लिहा. सुपारी आषाढात फुटते आणि साखरपुडा होतो तुळशीच्या लग्नानंतर. मधल्या चार-पाच महिन्यांत सोन्याचा भाव कुठं जाईल ते सांगता येत नाही. "इतक्या हजारांपर्यंतची अंगठी, भाव चढला तर वजन उतरेल" हे त्याच बैठकीत, हसतखेळत बोलून घ्या. नंतर फोनवर सांगायला गेलं की ते कसनुसं वाटतं.

एक गोष्ट इथंच सांगते, कारण ती कुणी बोलत नाही. दोन्ही बाजूंनी खुशीनं अंगठी घालणं वेगळं आणि "पोराला तोळ्याचीच पाहिजे" म्हणणं वेगळं. मागणी आली की तो हुंडा, आणि १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानं देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे. मागणीशिवाय दिलेल्या भेटींची यादी करून ठेवायची तरतूदही त्याच कायद्यात आहे. आपल्या याद्यांच्या वहीचा तेवढा तरी चांगला उपयोग होतो.

बोटाचं माप

माझा साखरपुडा मे महिन्यात होता. माप फेब्रुवारीत दिलं होतं, सकाळी, गार पाण्यानं हात धुतल्यावर. मांडवात त्रेचाळीसचं ऊन, दोन्ही हातांवर मेंदी, आणि अंगठी सांध्याला अडकली. फोटोवाला ओरडतोय, "वर बघा, वर बघा," आणि आत्या खोबरेल तेलाची बाटली घेऊन पळत येतेय. अल्बममध्ये तो फोटो अजून आहे.

तेव्हा माप कधी घ्यायचं? संध्याकाळी, आणि समारंभ उन्हाळ्यात असेल तर उन्हाळ्यातच. थंडीत बोट आक्रसतं, उन्हाळ्यात सुजतं. आपल्या भागात हा फरक चांगलाच जाणवतो. अंगठी कोणत्या हातात घालायची तेही आधी ठरवा, कारण उजव्या हाताची अनामिका बहुतेकांची किंचित जाड असते. कामाची सवय असलेल्या हातांचे सांधे मोठे असतात. अशा वेळी माप सांध्यावरून घ्यायचं, बोटाच्या बुडाशी नाही.

दुकानात रिंगांचा जुडगा असतो, त्यावरचं माप सगळ्यात खात्रीचं. मुलगी परगावी असेल तर तिला तिथल्याच एखाद्या सराफाकडं पाच मिनिटं जाऊन यायला सांगा. तेही जमत नसेल तर कागदाची अरुंद पट्टी बोटाभोवती गुंडाळून, जिथं टोक जुळतं तिथं खूण करून, पट्टी मिलिमीटरमध्ये मोजा. त्यातून ४० वजा करा, आला आपल्याकडचा नंबर. पट्टी ५२ भरली तर माप १२. दोरा वापरू नका, तो ताणला जातो.

गुपचूप माप हवं असेल तर तिची त्याच बोटातली जुनी अंगठी वहिनीकडून मागवा. नुसत्या फोटोवरून माप काढणारा सराफ मी अजून पाहिला नाही.

दोन मापांच्या मध्ये अडलात तर मोठं घ्या. आतून सोन्याची बारीक पट्टी लावून अंगठी तात्पुरती घट्ट होते. लहान अंगठी वाढवायला मात्र ती कापावी लागते. आणि जिच्या सगळ्या कडेला खडे आहेत, ती तर वाढतही नाही आणि कमीही होत नाही.

कोणतं सोनं, कोणता खडा

साधी, खडे नसलेली अंगठी २२ कॅरेटची घ्यावी. त्यात ९१.६ टक्के सोनं असतं, म्हणून शिक्का ९१६. हिरा बसवायचा असेल तर १८ कॅरेट, म्हणजे ७५ टक्के सोनं, शिक्का ७५०. हे ऐकून घरची मोठी माणसं नाराज होतात, "हलकं सोनं" म्हणतात. त्यांना सांगा, की २२ कॅरेट मऊ असतं. हिऱ्याला धरून ठेवणारे बारीक आकडे त्यात वाकतात आणि एक दिवस हिरा पिठाच्या परातीत सापडतो, सापडला तर. फक्त १८ कॅरेटच्या अंगठीला २२ चा भाव लावलेला नाही ना, तेवढं बघायचं.

घडण निवडताना हात काय काम करणार आहेत ते बघा. उंच आकड्यांवर बसवलेला खडा काचेखाली फार देखणा दिसतो. पण तो कापूस वेचताना बोंडात अडकतो, ओढणीत अडकतो, लेकराच्या गालाला ओरखडा काढतो. रोज घालायची असेल तर बंद कोंदण घ्या, म्हणजे खड्याच्या कडेनं सगळीकडून सोनं वळवलेलं. चमक थोडी कमी, पण खडा जाग्यावर राहतो.

हिऱ्याचं थोडक्यात सांगते. हिऱ्याचा कॅरेट वजनाचा असतो, सोन्याचा शुद्धतेचा. शब्द एक, अर्थ दोन. हिऱ्याचा १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्याचे १०० सेंट. "वीस सेंटचा" म्हणजे ०.२० कॅरेट. पण वीस सेंटचा एक हिरा आणि दोन-दोन सेंटचे दहा हिरे यांची किंमत एक नसते. एकट्या मोठ्या हिऱ्याचे जास्त पैसे पडतात. आयजीआय किंवा जीआयए अशा प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा, आणि त्यावर हिरा खाणीतला की प्रयोगशाळेत तयार केलेला हे वाचा. प्रयोगशाळेतला हिराही खराच हिरा असतो, फक्त खूप स्वस्त असतो. तो जाणून घेतला तर काहीच वाईट नाही, खाणीतल्याच्या भावात घेतला तर वाईट. "अमेरिकन डायमंड" मात्र हिरा नव्हे, तो क्युबिक झिरकोनिया, दुकानात त्यालाच झिरकॉन म्हणतात. त्याच्याबद्दल पुढं येईलच, कारण त्यानंच मला बुडवलं.

बिल वाचायला शिका

सगळा खेळ इथं आहे. भाव विचारायला प्रत्येक जण शिकलेला असतो, कारण तो पेपरात येतो. पैसे जातात ते भावाखालच्या ओळींमध्ये.

पेपरातला मोठा आकडा बहुधा २४ कॅरेटचा आणि जीएसटी सोडून असतो. दुकानात पहिला प्रश्न विचारा, "आज २२ चा काय भाव?" आणि तो कागदावर लिहून घ्या. हिशेब सोपा जावा म्हणून समजू की २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये आहे. त्याच दिवशी १८ कॅरेटचा भाव साधारण ८,२०० च्या आसपास यायला हवा.

आता ४ ग्रॅमची साधी अंगठी घ्या. सोन्याचे ४०,०००. घडणावळ १२ टक्के धरली तर ४,८००. झाले ४४,८००. त्यावर ३ टक्के जीएसटी, १,३४४. हॉलमार्कचे, म्हणजे शुद्धतेच्या सरकारमान्य शिक्क्याचे, नगामागे ४५ रुपये आणि त्यावरचा कर. एकूण ४६,२०० च्या घरात. म्हणजे "४० हजारांची अंगठी" प्रत्यक्षात सव्वासेहेचाळीस हजारांना पडते. बजेट ४० हजारच असेल तर साडेतीन ग्रॅमच्या आतच बघा. काउंटरवर पाच ग्रॅमची बोटात घालून झाल्यावर ती काढवत नाही, हे सराफालाही ठाऊक असतं.

घडणावळ सांगायच्या तऱ्हा अनेक. कुणी टक्क्यात सांगतं, कुणी ग्रॅममागे रुपयांत, कुणी "मजुरी फार कमी" म्हणतं आणि खाली "घट" (घडवताना वाया जाणारं सोनं) नावाची वेगळी ओळ टाकतं. समजा दुसऱ्या दुकानात घडणावळ ग्रॅमला ८०० रुपये आणि घट ५ टक्के सांगितली. ऐकायला स्वस्त. हिशेब केला तर ३,२०० अधिक २,०००, म्हणजे ५,२००. पहिल्या दुकानाच्या ४,८०० पेक्षा जास्तच. म्हणून प्रत्येक दुकानात एकच प्रश्न विचारा, "या अंगठीचे सगळे धरून हातात द्यायचे किती?" आणि त्याला निव्वळ वजनानं भागा. आलेला आकडा शेजारच्या दुकानाशी ताडून बघा. "घडणावळीवर ५० टक्के सूट" अशी पाटी दिसली तरी हाच भागाकार करायचा.

घासाघीस घडणावळीवर करा. सोन्याच्या भावावर कुणी फार हलत नाही, घडणावळीवर हलतात. आमच्या आईला तीन वेळा उठून दाराशी जायची सवय होती, मला एकदाच उठावं लागतं.

आता निव्वळ वजन. अंगठीत खडे असतील तर काट्यावर दिसतं ते एकूण वजन. त्यातून खड्यांचं वजन वजा करून उरतं ते निव्वळ वजन, आणि सोन्याचा भाव फक्त त्यावरच लागायला हवा. माझ्या भावाच्या साखरपुड्याच्या वेळी मी हे विचारलंच नाही. घरी येऊन बिल बघितलं, तर एकूण वजनच सोन्याच्या रकान्यात. परत गेले तर दुकानातला माणूस शांतपणे म्हणाला, "ताई, खडा धरूनच वजन असतंय." असत नाही. खडे होते अमेरिकन डायमंडचे, सगळे मिळून ३५० मिली. दिसायला तेवढ्याच हिऱ्यापेक्षा हे झिरकॉन दीडपटीहून जड असतात. वरच्या भावानं हिशेब केला तर घडणावळ आणि जीएसटी धरून चार हजारांच्या वर रक्कम आम्ही काचेसारख्या खड्यांसाठी सोन्याच्या भावानं मोजली. त्या दिवसापासून मी बिलात तीन आकडे वेगवेगळे दिसल्याशिवाय पाकिटाला हात लावत नाही. एकूण वजन, खड्यांचं वजन, निव्वळ वजन.

शिक्का दुकानातच तपासा

१ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या एकाच दागिन्याचा ओळख क्रमांक, असल्याशिवाय तो विकता येत नाही. अंगठीच्या आतल्या बाजूला तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत. बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (२२के९१६, १८के७५० अशी) आणि तो क्रमांक. डोळ्यांना दिसत नाही म्हणून लाजू नका, दुकानदारानं भिंग ठेवणं नियमातच आहे. मग फोनवर बीआयएस केअर हे ॲप उघडून क्रमांक टाका. दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता तिथं दिसते. तुमच्या हातात अंगठी आणि फोनमध्ये "कानातले" आलं, तर अंगठी काचेवर ठेवून उठायचं.

दोन खाचा लक्षात ठेवा. २ ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. हल्ली पातळ, पावणेदोन ग्रॅमच्या अंगठ्या पुष्कळ निघाल्यात, त्या घेताना हे ध्यानात असू द्या. दुसरं, वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या लहान दुकानांनाही सूट आहे. गावातल्या पिढीजात सोनाराकडून घडवून घेणार असाल तर खुशाल घ्या, आमच्या घरची सगळ्यात सुबक अंगठी तशीच झाली. पण पैसे पूर्ण देण्याआधी जिल्ह्याच्या ठिकाणी हॉलमार्किंग केंद्रात शुद्धता तपासून घ्या. ग्राहकालाही तिथं दागिना नेता येतो, आणि चार नगांपर्यंत २०० रुपये अधिक कर एवढ्यात काम होतं.

"केडीएम आहे, एकदम प्युअर" असं अजूनही ऐकू येतं. केडीएम म्हणजे कॅडमियम घालून केलेला डाग (सांधा), त्याचा धूर कारागिराच्या फुप्फुसाला घातक. ती शुद्धतेची खूण कधीच नव्हती.

पैसे कुठून आणि कसे

आपल्याकडं लग्नाचा पैसा पिकामागे येतो. सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे, कापूस त्यानंतर वेचणी-वेचणीनं, उसाचं बिल कारखान्याच्या मर्जीनं. त्यामुळं एकदम सगळी रक्कम हातात असणारा विरळाच. तेव्हा तीन मार्ग उरतात.

पहिला, आगाऊ रक्कम देऊन भाव बांधून घेणं. पावतीवर त्या दिवसाचा भाव, किती ग्रॅमसाठी बांधला, कोणत्या तारखेपर्यंत, आणि घेताना भाव उतरला तर कोणता धरणार, हे लिहून घ्या. तोंडी "बघू की, तुमचंच दुकान हाय" याला काही अर्थ नाही.

दुसरा, दुकानातली महिन्याची योजना. अकरा महिने भरा, बारावा हप्ता आमचा. भरलेल्या पैशावर सोनं जमा होतं की नुसते रुपये, हे आधी विचारा. रुपये जमा होत असतील आणि भाव वर्षभर चढत राहिला, तर बाराव्या हप्त्याची भेट भाववाढीतच जिरते. आणि ही बँकेतली ठेव नव्हे. दुकानाला कुलूप लागलं तर तुमचे हप्ते आतच राहतात. आमच्या शेजारच्या घरात हे झालंय. सात हप्ते गेले, पोरीचा साखरपुडा उसन्या अंगठीवर उरकला.

तिसरा, आणि बहुतेक घरांत हाच, जुनं सोनं मोडणं. आईच्या पाटल्यांतली एक, नाहीतर आजीची पुतळी. मोडायच्या आधी दोन ठिकाणी मशीनवर शुद्धता बघून घ्या आणि वजन आपल्या डोळ्यांसमोर करायला लावा. वितळवणार असतील तर भट्टीपाशी उभं राहा, संकोच करू नका. जुन्या सोन्याचा भाव आणि नव्याचा भाव यांतला फरक विचारा. काही दुकानं मोडीला "घट" म्हणून वेगळी कापतात. जुनं सोनं दिलं तरी जीएसटी नव्या अंगठीच्या पूर्ण किमतीवर लागतो, वरच्या फरकावर नाही. आणि घरात आधी विचारा की मोडायचं कोणाचं. पुतळी नुसती सोन्याची नसते.

व्याजानं पैसे काढून अंगठी घेऊ नका. वजन कमी करा, साखरपुडा पुढं ढकला, काहीही करा. बियाणं-खताचं कर्ज पीक फेडतं, अंगठीचं कोण फेडणार?

पैसे देताना पक्कं बिलच घ्या. "जीएसटी वाचवा, कच्ची पावती देतो" याचा मोह होतो, ३ टक्के दिसतात ना. पण कच्च्या पावतीवर उद्या तक्रार करता येत नाही. पक्क्या बिलावर शिक्क्यापेक्षा शुद्धता कमी निघाली तर फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद बीआयएसच्या नियमांत आहे. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

नुसत्या अंगठीला पुढचा नियम सहसा लागत नाही, पण बहुतेक लोक अंगठीबरोबरच गंठण, जोडवी, मंगळसूत्र एकाच फेरीत घेतात. खरेदी २ लाखांच्या वर गेली की पॅन द्यावा लागतो, आणि २ लाख किंवा त्याहून जास्त रोख दुकानदाराला घेताच येत नाही. बिलं तोडून दिली तरी एकाच प्रसंगाची रोख रक्कम एकत्रच धरली जाते. तेव्हा मोठी रक्कम खात्यातून द्या. यूपीआयनं देणार असाल तर आपल्या बँकेची मर्यादा आदल्या दिवशी बघून ठेवा. कार्डावर वरून टक्का-दोन टक्के मागतात का, तेही बिल करण्याआधी विचारा.

जाण्याचा दिवसही निवडा. गुरुपुष्य, दसरा, अक्षय्य तृतीयेला सराफ्यात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत ना भिंग मिळत, ना काटा नीट दिसत. मुहूर्त पाळायचाच असेल तर अंगठी आधी पसंत करून, बिल वाचून ठेवा आणि त्या दिवशी फक्त उचलून आणा. बरोबर दोनच माणसं न्या. नवरी आली तर उत्तम, नाहीतर मापाचा कागद. सहा जणांची पलटण गेली की सातवं मत सराफाचं होतं आणि तेच चालतं.

घेऊन आल्यावर

बिलाचा आणि अंगठीच्या आतल्या शिक्क्याचा फोटो काढून दोन्ही घरांत ठेवा. थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात पांढरं पडतं. पुढं अंगठी मोडायची वेळ आली तर घडणावळ आणि जीएसटी परत मिळत नाहीत, झिरकॉनचे खडे तर शून्यात जातात. हिरा परत घेण्याची अट काय, ती बिलावर लिहून घेतली असेल तरच पाळली जाते.

माप बदलायला टाकताना अंगठीचं वजन आधी करा, आणि परत घेताना पुन्हा करा. वाढवताना सोनं घातलं जातं, त्याचे पैसे द्यायचे. कमी करताना काढलेला तुकडा मात्र आपला असतो, तो मागून घ्यायचा. कापताना एचयूआयडीच्या जागेवर करवत चालवू नका, असं कारागिराला आधीच सांगा. माझी अंगठी मी जूनमध्ये दोन नंबरनं वाढवून आणली. दुकानातल्या पोरानं तुकडा जोडला, वजन केलं, आणि आतला क्रमांक जागच्या जागी आहे ना ते भिंगातून मला दाखवलं. न विचारता दाखवलं, म्हणून पुढच्या दोन्ही अंगठ्या त्याच दुकानातून घेतल्या.